तिसरी ‘ब’ला सापडलेल्या वस्तू

३ जुलै ९७, गुरुवार
ऐरोलीच्या शाळेत मुख्याध्यापिका सुनीतीबाईंनी तिसरी ‘ब’चा मूल्यशिक्षणाचा तास मला दिला. पंधरा दिवस ट्रायल. वर्तन सुधारलं तर वर्षभर माझा, नाहीतर पीटीच्या सरांना. मी डी.एड. नाही, पण लायब्ररीतली मानसशास्त्राची दोन पुस्तकं वाचलीत. पंधरा दिवस खरं तर जास्तच.
हे जाऊन तीन वर्षं झाली. दुपारी घरात बोलायला कुणी नसतं. आता चव्वेचाळीस जण.

७ जुलै, सोमवार
योजना: सापडलेली वस्तू आणून देणाऱ्याला एक तारा. पाच तारे झाले की शाळेची घंटा वाजवायला मिळणार. शिपाई नामदेव म्हणाला, माझी घंटा हाय ती. मी म्हटलं, मन मोठं करा.

८ जुलै
एका दिवसात अकरा वस्तू. प्रामाणिकपणाची साथच आली म्हणायची.

१० जुलै
काल एकोणतीस, आज तेहेतीस. डब्यांची झाकणं, एक चप्पल, शेजारच्या वर्गाचं डस्टर. मिथुनला एकट्याला सहा खोडरबर. काय नजर आहे पोराची. त्याला सापडलेली पट्टी भाविकाच्या दप्तरातच होती, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, शोधायची जिद्द बघ.
नामदेव म्हणाला, बाई, पोरं आदी उचलतात न् मंग आनून देतात. वाईट वाटलं. त्याच्यासाठी वेगळा तास घ्यायला हवा.

११ जुलै, सकाळ
सात जणांनी घंटा वाजवली. मनापासून, लांबलचक. लांब घंटा म्हणजे शाळा सुटली. दहा वाजता अर्धी शाळा गेटबाहेर. सुनीतीबाई बरंच बोलल्या. इथे लिहीत नाही.
पुढचा विषय: राग. मला येत नाही, त्यामुळे शिकवायला सोपा.

१४ जुलै
राग आला की डोळे मिटून दहा मोजायचे. वर्गासोबत मीही मिटले. अशी शांतता या वर्गाने पाहिली नसेल. डोळे उघडले तर टेबलावर खडू नाही, हजेरीपट नाही. लगेच सापडलेही. प्रगती.

१७ जुलै, गुरुवार
ट्रायलचा शेवटचा तास. सुनीतीबाई मागच्या बाकावर. भाविका पुढे आली. हातात ह्यांचं निळं पेन. बेलापूरच्या ऑफिसात अकरा वर्षं ह्याच पेनाने सह्या केल्या. म्हणाली, बाई, सापडलं. कुठे? तुमच्या पर्समध्ये.
मी ओरडले. तळमजल्यावर ऐकू गेलं म्हणतात. मिथुन म्हणाला, बाई, दहा मोजा. मला जमेना. मग सगळ्या वर्गाने डोळे मिटून माझ्यासाठी मोजले. सुनीतीबाईंनीसुद्धा.
भाविकाला तारा दिला. नियम तो नियम.

१८ जुलै
तास पीटीच्या सरांना. मला दुसरं काम: एकशे बारा वस्तू ज्याच्या त्याला परत करून रजिस्टरवर मालकाची सही घ्यायची. सुनीतीबाई म्हणाल्या, दोन महिने तरी लागतील. म्हणजे पोरं रोज भेटणार. एका परीने बढतीच.
लगेच सुरुवात केली. वस्तू क्रमांक एक: निळं पेन. मालक येऊ शकत नाहीत.
सही मी केली. त्याच पेनाने.