चाळीस घरांचे पाव आणि हनियाचं बोट

सफ्रू, गुरुवार. दुपारची जेवणं (कशीबशी) उरकल्यावर.

आदरणीय रहमाखाला,

तुझे दोन्ही हात डोळ्यांना लावते. गुडघा कसा आहे? शेळी व्याली का? हे पत्रही शेजारची लल्ला झोहराच वाचून दाखवणार, म्हणून तिलाही सलाम. (लल्ला झोहरा, इलहाम लग्नाला तयार आहे असं मी मागच्या पत्रात कुठेही लिहिलं नव्हतं. लिहिलंय तेवढंच वाचावं, ही विनंती.)

माझ्या वर्गात सात मुलं आहेत. बाकीच्या मास्तरांनी ज्यांच्यापुढे हात टेकले, ती सगळी माझ्या वाट्याला. एकाला ऐकू कमी येतं, पण स्वतःबद्दलची चहाडी बरोबर ऐकू येते. दुसऱ्याला बाकावर बसवावं तर तो बाकाखाली सापडतो. आणि आळीभरचे पाव भाजून देणाऱ्या भट्टीवाल्या बा अल्लालची नऊ वर्षांची हनिया. हुशार पोर, पण फळ्यावरची अक्षरं तिच्यासमोर जागेवर म्हणून थांबत नाहीत. बापाने मला निक्षून सांगितलं, "उस्ताजा, ईदपर्यंत हिला अक्षरं आली तर शाळा. नाहीतर भट्टी. तिथे तरी चार पाव उलटेल." ईदला उरले नऊ दिवस. 

मग मला अक्कल सुचली. (माझी अक्कल तुला ठाऊक आहे. कोंबड्यांना मेंदी लावली होती, तीच ही.) डोळ्यांना जमत नाही ना, मग बोटांना शिकवू! चार दिवस पिठात बोटाने अक्षरं गिरवून घेतली आणि मग मुलांना सांगितलं, उद्या सकाळी घरच्या कच्च्या पावांवर आपल्या घराण्याच्या नावाचं पहिलं अक्षर बोटाने खोल कोरा आणि मग पाव भट्टीवर धाडा. मुलं भलतीच आज्ञाधारक निघाली. स्वतःचे पाव झाले, मग वाटेवरच्या प्रत्येक शेजारणीच्या पावांच्या फळीवरचं फडकं वर करून तिच्याही पावांवर तिच्या घराण्याचं अक्षर कोरलं. चाळीस घरं, खाला!

आता बा अल्लाल तीस वर्षं पाव ओळखतो तो बायकांच्या हातावरून. कुणाचा अंगठा जड, कुणी काट्याने कुठे टोचलं, हे त्याला पाठ. त्या सगळ्या खुणा आमच्या विद्येने बुजवून टाकल्या. दुपारी चार माणसांच्या न्हाव्याच्या घरी अकरा पाव आणि अकरा माणसांच्या सक्कातांकडे चार! सगळ्या बायका पाव घेऊन भट्टीवर चालून आल्या. "पावावर शाळा भरवलीस ना, उस्ताजा? आता पोरांना काय फळा वाढू?" मी पिठाच्या पोत्यामागे उभी होते. (लपले नव्हते. उभी होते.)

तेवढ्यात हनिया पुढे झाली. डोळे मिटले, आणि गरम पावावर बोट फिरवलं. "हा 'सीन'. बोटाला तीन दात लागतात. सक्कातांचे." पुढचा. "हा 'ऐन'. तोंड उघडं आहे. अमरानींचे." एकेक पाव आपापल्या फळीवर गेला. जिथे दोन-तीन घरांचं अक्षर एकच निघालं, तिथे तिने वास घेतला. कुणाच्या हातून बडीशेप जास्त पडते म्हणे, कुणाच्या कमी. ओरडणाऱ्या बाया आपापल्या फळ्या पुढे करू लागल्या. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

बा अल्लालने पिठाच्या हाताने डोळे पुसले आणि धुराला शिव्या घातल्या. म्हणाला, "शाळेत जाऊ दे. पण पुन्हा माझ्या पावांना हात लावाल तर याद राखा." सगळ्या गेल्यावर मात्र हळूच लेकीला विचारलं, "माझं अक्षर कुठलं गं?" तिने त्याच्या तळहातावर पिठातच काढून दिलं. त्याने मूठ मिटून घेतली.

तुझी,
इलहाम

ता. क. – बसवाल्याबरोबर एक पाव पाठवलाय. वर 'रा' कोरलाय, तुझ्या नावाचा. लल्ला झोहराला दाखवू नकोस. आधी बोट फिरव.

पुन्हा ता. क. – वर्गातलं आठवं बाक रिकामं आहे. हिवाळाभर माझ्याकडे ये. लोकांच्या घरची पिठं मळून तू माझ्या वह्या आणल्यास, आणि माझी पत्रं अजून दुसरीच्या तोंडून ऐकतेस, हे मला सोसवत नाही. (लल्ला झोहरा, एवढं गाळू नका.)

शेवटचं ता. क. – लग्नाबद्दल खरंच एक गोष्ट आहे. पण ती मी पुढच्या पत्रात लिहीन, आणि ते पत्र तूच वाचायचंस.