चुलीत गेलेले तीन बोर्ड आणि फाट्यावरचे दुकान

मी, हिरासिंग थावरा राठोड, वय ६८, धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, राहणार वारंगा फाट्याजवळचा तांडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दाबाखाली नसताना हे लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला मागे जोडला आहे, कारण मला वेड लागले असे माझा मुलगा दिपक फाट्यावर सांगत फिरतो.

१. राहते घर बायको रूपाबाई हिचे. तिच्या हयातीत तिला तिथून कुणी उठवू नये.

२. वडिलोपार्जित शेतात दिपकचा हिस्सा कायद्याने येतो म्हणून येतो. माझ्या मर्जीचा त्यात भाग नाही.

३. फाट्यावरचे दुकान मी स्वतःच्या कमाईने घेतले. ते सून मिना हिला, एकटीला. ती दिपकजवळ नांदो वा न नांदो. कोर्टात कुणी कारण विचारील, म्हणून इथेच लिहितो.

टीव्ही दुरुस्तीला येणे कमी झाले तेव्हा मी टपालाने एक बोर्ड मागवला. तळहाताएवढा, उघडाच, पण अख्खा कॉम्प्युटर. जुन्या टीव्हीला जोडला की चालतो, आणि साध्या स्मार्टफोनपेक्षा स्वस्त. पहिला मी चुकीचा चार्जर लावून जाळला. महागाचा असता तर पुन्हा हात लावला नसता. हा स्वस्त होता म्हणून दुसरा मागवला.

मिना दहावी पास. माझा डबा घेऊन यायची. एक दिवस म्हणाली, "मामा, मी हात लावू का? बिघडला तर?"

मी म्हणालो, "बिघडू दे. त्याच्यासाठीच घेतलाय."

दोन वर्षांत तिने विहिरीचे पाणी तळाला गेले की मोटार आपोआप बंद होईल अशी जोडणी त्या बोर्डावर केली. दर उन्हाळ्यात जळणारी आमची मोटार जळायची थांबली. मग मी आणखी दोन बोर्ड घेतले, कारण तांड्यातल्या चार बाया दुपारी तिच्याकडे शिकायला बसू लागल्या.

दिपकला हे खुपले. मोटारीचे कुणी केले असे लोक विचारत, आणि उत्तरात त्याचे नाव नसे. गेल्या दिवाळी पाडव्याला मी आणि मिना हिंगोलीला गेलो असताना त्याने विहिरीवरच्यासकट तिन्ही बोर्ड आणि तिच्या वह्या चुलीत घातल्या. आलो तर घरभर प्लास्टिकचा वास.

"काहून जाळलं?" मी विचारले.

"खेळणं व्हतं," तो म्हणाला. "बायकू बिघडून राहिली त्याच्यापायी."

वर माझा भाऊ पुनमचंद याने चार माणसे बसवली आणि नवऱ्याला कमीपणा आणला म्हणून मिनालाच माफी मागायला लावली. तिने हात जोडले. मी तिथेच बसलो होतो. एक शब्द बोललो नाही.

४. पुनमचंदला माझ्याकडून काही नाही. त्याने मला खांदा देऊ नये. दहाव्याला आला तर बसायला सतरंजी द्यावी, बोलायला संधी देऊ नये.

५. मीटर, सोल्डर गन, सगळी हत्यारे मिनाची. दिपकने पेचकससुद्धा उचलू नये. त्याने आजवर स्क्रू फक्त काढले, परत एकही बसवला नाही.

६. बँकेतल्या ठेवीच्या व्याजातून मिनाने दर वर्षी नवे बोर्ड आणावेत. शिकणारीच्या हातून जळाला तर तिला कुणी जाब विचारू नये.

७. दिपक म्हणेल की हे सुनेने लिहून घेतले. तिने याचा एक शब्द पाहिलेला नाही. ती हे माझ्यामागे वाचील, म्हणून शेवटचे तिच्यासाठी. पोरी, त्या बैठकीत माफी मी मागायला हवी होती. तेव्हा तोंड उघडले नाही. आज दोन साक्षीदारांसमोर ती मागतो.

स्थळ: वारंगा फाटा
दिनांक: १२ जानेवारी २०२५

(सही) हिरासिंग थावरा राठोड

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली व ज्यांनी स्वतः सह्या केल्या:
१. उत्तमसिंग रामजी जाधव, किराणा दुकानदार
२. शिला गणपत कदम, शिवणकाम