शालनचं ‘न्हाई’

चिंचवड, २० सप्टेंबर १९७८

ती. आक्कांस धाकट्या जावेचा, गोजाचा, शि. सा. न. वि. वि.

पत्र माझ्याच हातचं आहे, हसू नका. शालन शेजारी बसून काना-मात्रा तपासते. मी ‘न्हाई’ लिहिलं की खोडायला लावते, ‘नाही’ लिही म्हणते. वर्गातली पोरं तिच्या व्हय-न्हाईला हसतात ना! तुमच्या अंगणात चिमणीसारखी बडबडणारी आपली नात इथं चौथीच्या वर्गात तोंडच उघडत नाही. तिच्या बापानं, हिंदुरावानं सांगून टाकलंय, दिवाळीपर्यंत लेक शाळेत बोलली नाही तर निघोज्याला परत.

पण एक गंमत. इंदुताई म्हणून नव्या बाई आल्यात. त्यांनी पोरांचे गट पाडून यंत्रं करायला लावलीत. शालनच्या गटाकडे क्रेन. म्हणजे हिंदुरावाच्या कंपनीत ओझं उचलायला असते तशी, पण खोकं, सुतळी आणि माझ्या दोऱ्याची रिकामी रिळं. ती शोधताना उसळ करपली, ते जाऊ द्या. बाई म्हणतात, काय ते चौघांनी मिळून ठरवायचं. शालन गाठी झकास मारते. मुकाट्यानं.

लोभ आहेच, त्यातला थोडा या क्रेनला द्यावा.

आपली गोजा

निघोजे, २७ सप्टेंबर

चि. गोजास अंबूचे अनेक आशीर्वाद.

शेजारच्या ज्ञानदेवाकडून लिहून घेते. पोरं रिळं फिरवतात नि तू उसळ करपवतीस, तुलाबी त्याच वर्गात बसवा. शालनला पाठवून दे. हितं तिच्या न्हाईला कुणी हसत न्हाई. तिची गोधडी उन्हात घातली हाय. तू तिला धरून ठेवतीस ती तिच्यासाठी का तुझ्यासाठी, इचार कर.

आन् खंडेनवमीला त्या क्रेनची पूजा करा. खेळण्यातलं असलं तरी अवजार हाय ते.

माया हाय म्हणून बोलते, राग धरू नको.

अंबू

चिंचवड, १३ ऑक्टोबर

ती. आक्कांस गोजाचा शि. सा. न. वि. वि. पाकिटात आपट्याचं पान आहे, सोनं घ्या.

तुमचं ऐकून खंडेनवमीला झेंडूची माळ घेऊन शाळेत गेले. पाटीपूजनाबरोबर चौघांनी क्रेनला हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात कुठल्याशा कंपनीचे साहेब न सांगता बघायला हजर! बाईंची धांदल. क्रेननं पाण्याची छोटी बालदी उचलून दाखवा म्हणाल्या. जयसिंगाचा हात सुतळीकडे गेला. शालनला सगळ्यात जास्त चिडवणारा तो हाच. तर शालन क्रेनपुढं आडवी. न्हाई म्हणाली. पुजलेलं अवजार आज चालवायचं न्हाई. भरल्या वर्गात, खणखणीत.

मी मनात म्हटलं, आता हसतील, आणि माझ्या झेंडूपायी पोर निघोज्याला जाणार. पण या पोरांचे बाप कंपनीतले, खंडेनवमीला तिथंही मशिनी बंद. जयसिंगानं हात मागं घेतला नि म्हणाला, न्हाई. मग उरलेली दोघं, न्हाई! बाई ओशाळल्या. साहेबांनी मात्र क्रेनला हात जोडले. चौघांनी मिळून ठरवलंय तर मी परवा येतो म्हणाले. काल आले. बालदी वर गेली, थोडं पाणी त्यांच्या बुटात.

आक्का, धरून ठेवते ती थोडी माझ्यासाठीही. पण ती गोधडी आता घडी घालून ठेवा. हिंदुराव म्हणतो, दिवाळीला चार दिवस नेऊ, आणि परत आणू. रागावू नका, येताना क्रेन आणतो. तुमच्या ओट्यावर लावू.

माया अशीच राहू द्या.

आपली गोजा

ता. क. शालननं सगळं पत्र वाचलं. एकही न्हाई खोडलं न्हाई.