मामाची मुलगी आणि रायपूरची सोयरीक

तीर्थस्वरूप शालिग्राममामांच्या चरणी जयंतचा साष्टांग नमस्कार. (मामा म्हणून एक आणि सासरे म्हणून एक असे दोन घालायला हवेत, पण वयोमानाने एकातच दोन्ही मानून घ्यावेत.) मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं, बरं वाटलं. पेपरातल्या चुका आता पुन्हा दिसू लागल्या असतील, त्यामुळे मनही रमत असेल. इकडे सगळे खुशाल. सरिता तुमची आठवण काढते, बहुतेक माझ्याशी भांडताना. फोन सोडून पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही अर्ध्यातच ‘ठेवतो’ म्हणता आणि खरंच ठेवता. ही गोष्ट अर्धी ऐकण्यासारखी नाही.

तर आपल्या मंजिरीने स्वतःचं स्वतःच जमवलं. मुलगा यशदीप, तिच्याच नवा रायपूरच्या ऑफिसातला, घर पुरानी बस्तीत, माणसं अस्सल छत्तीसगढी. मुलगा लाखात एक. (पोरीने आणला म्हणून म्हणत नाही. त्याने आल्या आल्या आमचा गीझर दुरुस्त केला.) मागच्या रविवारी तो, त्याचे आईवडील आणि आजी आमच्या तेलीबांध्याच्या फ्लॅटवर आले. आजीला सगळे दाई म्हणतात, आणि तिने मान हलवल्याशिवाय त्या घरात कुकरसुद्धा शिट्टी देत नाही. सरिताने सांभारवडी केली होती. दाईने दोन खाल्ल्या, तिसरी उचलली. फक्त तारीख धरायची राहिली होती. तेवढ्यात यशदीपच्या आईने आपलं सहज विचारलं, की भैया, तुमचं लग्न कसं जमलं?

मामा, मी खुशीत होतो, आणि खुशीत माझ्या तोंडाला कुलूप नसतं हे तुम्ही जाणताच. मी म्हणालो, ‘ढूँढना क्या था दीदी, ये तो मेरे सगे मामा की लड़की है!’

दाईच्या हातातली वडी तशीच बशीत परत गेली.

आपल्याकडे मामाची मुलगी म्हटलं की भाच्याचा पहिला हक्क. घरातल्या घरात सोयरीक, चौकशीला कुठे जायला नको, जावयाचे गुण लहानपणापासून ठाऊक. (माझे तुम्हाला ठाऊक होते. तरी मुलगी दिलीत, हे उपकार.) इकडे मात्र मामाची मुलगी म्हणजे बहीण, राखी बांधणारी. त्यांच्या हिशेबाने समोर सोफ्यावर भाऊ-बहीण बसले होते आणि त्यांची मुलगी चहा आणत होती. यशदीपचे वडील पंख्याकडे बघू लागले. मी सावरायला गेलो आणि सांगून टाकलं, की यात विशेष काही नाही, आमच्या मंजिरीलाही तिच्या आत्याने पाळण्यातच सून म्हणून मागितलं होतं. दुष्काळात तेरावा महिना तो हा. यशदीपने पाण्याचा ग्लास एका दमात संपवला.

मंजिरी माझ्याकडे अशी बघत होती, की जणू तिचं लग्न मोडावं म्हणूनच मी माझं केलं. ‘पप्पा, आपको और कोई नहीं मिली थी क्या?’

‘मले तरी कुठं दुसरा भेटला होता, पोट्टे!’ सरिता माझ्या शेजारूनच ओरडली. (हे तुमच्या माहितीसाठी.)

मग मी ठरवलं, आपण संस्कारी माणसं आहोत हे तरी दाखवावं. म्हणालो, दाई, नात्याचा मान आम्ही फार ठेवतो. एवढं वय झालं, पण अजूनही वर्ध्याला गेलो की मी आधी मामांच्या पाया पडतो.

दाई ताडकन उभी राहिली. ‘कइसे गा? भांचा ह ममा के पांव परथे? राम राम! भांचा ह तो राम ए! ममा ह ओकर पांव परथे!’

तर इकडे अशी रीत आहे, मामा. कौसल्यामाई इथली लेक, म्हणून राम अख्ख्या छत्तीसगढचा भाचा, म्हणून ज्याचा त्याचा भाचा रामाच्या जागी. मामा कितीही मोठा असो, भाच्यापुढे वाकतो. सदर बाजारात भर गर्दीत स्कूटर थांबवून एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ शाळकरी पोराच्या पाया पडताना मी या डोळ्यांनी पाहिलेत. पण ही रीत आपल्या घरापर्यंत चालत येईल असं कधी मनात आलं नाही. दाईचं म्हणणं, लग्नाचं एक वेळ ठीक, ‘तुम्हर देस के रीत’. पण आयुष्यभर भाच्याकडून पाया पडवून घेणारा मामा म्हणजे... पुढचा शब्द मला लिहिता येत नाही, हे एक बरं झालं.

मंडळी उठून गेली. मंजिरी तेव्हापासून धड जेवत नाही. विचारलं तर हसते, आणि ते हसणं मला बघवत नाही. एकुलती एक पोर आहे, मामा, तिचं मन मोडलं तर मी कोणत्या तोंडाने घरात फिरू? परवा मी एकटाच पुरानी बस्तीत जाऊन दाईपुढे बसून आलो. लग्न आता बहुतेक होईल, वैशाखात. तुम्ही यायचंच. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि माझ्यावरचा राग पत्र संपेपर्यंत तरी आवरावा ही विनंती.

आपला भाचा आणि जावई (हा क्रम दाईने सांगितलेला),
जयंत

ता. क. ‘बहुतेक’चा खुलासा राहिला. दाईची एकच अट आहे. मांडवात, सगळ्यांसमोर, मामाने भाच्याच्या पाया पडायचं. ‘मामा आनंदाने पडतील’ असं मी सांगून आलो आहे. तिने ‘हव’ म्हटलं आणि चहा दिला.

ता. क. २. पत्र फाडू नका. आमच्या लग्नात कन्यादानाला तुम्ही माझे पाय धुतलेच होते. (उभ्या उभ्या लांबून तांब्या उपडा केलात, पण भटजींनी चालवून घेतलं.) म्हणजे नवीन काही नाही. सरिता म्हणते, ‘बाबाले सांगा, नातीसाठी वाकून राहिले, तुमच्यासाठी नाही.’

ता. क. ३. हे सरिताला कळवू नका. तुमच्या घरी राहून मी शिकलो, तुमच्या हातचा मार खाल्ला, ताप आला तेव्हा तुमच्याच मांडीवर झोपलो. तुम्ही माझ्या पाया पडलेलं मला सोसणार नाही, मी भर मांडवात रडेन. म्हणून असं करू. तुम्ही वाकलात की त्याच क्षणी मीही वाकतो. दाईला लांबचं दिसत नाही. कोण कोणाच्या पाया पडलं ते आपल्या दोघांत राहील. फक्त तुम्ही तुमच्या डावीकडे वाका, मी माझ्या डावीकडे वाकतो. डोकी आपटायला नकोत.