थेंबातली जोडगोळी

प्रिय मुंगे,

सात वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट फाडू नकोस. आधी वाच, मग खुशाल फाड. अगं, पायाखालची जमीनच सरकलीय माझ्या.

पेशीचा प्रकार ओळखायला तिच्यातला आरएनए वाचायची तुझी पद्धत आठवते ना? एकेक पेशी उचलायची, प्लेटच्या खळग्यात ठेवायची, दिवसाला जेमतेम तीनशे. म्हणून तर तू मुंगी. आणि माझं यंत्र दहा मिनिटांत हजारो पेशी तेलातल्या थेंबांत बसवायचं, थेंबाला एक. त्यातच मला 'ती' नव्याच प्रकारची पेशी सापडली, जी तुझ्या प्लेटमध्ये काही केल्या दिसेना. तू म्हणालीस, बाई गं, तुझ्या थेंबात दोघी बसल्यात. लॅबभर हशा! आपल्याला सगळे जोडगोळी म्हणायचे, म्हणून हिला जिकडेतिकडे जोडगोळ्याच दिसतात, असं वर मीच म्हटलं.

हल्ली आमच्याकडे कुठली पद्धत किती भरवशाची, याची तुलना चाललीय. मी निवांत होते, निकाल ठाऊकच होता ना! परवा तपासणीसाठी माणसाच्या आणि उंदराच्या पेशी मिसळून यंत्रात घातल्या. आकडे उघडले तर शंभरातल्या नऊ थेंबांत अर्धा माणूस, अर्धा उंदीर! असा प्राणी असतो का गं कुठे? म्हणजे एकेका थेंबात दोन पेशी शिरल्या होत्या. मग आपला जुना नमुना काढला, दोघी एका थेंबात शिरू नयेत म्हणून खूप पातळ करून यंत्रातून पुन्हा काढला. आज दुपारी निकाल आला. ती पेशी गायब. माझी ती लाडकी पेशी, जिच्यावर मला ही नोकरी मिळाली, ती दोन साध्या पेशींची बेरीज होती.

आता खरं सांगते. तुला नोकरीवरून काढण्याआधी आपल्या लॅबप्रमुख बाईंनी मला एकटीला आत बोलावून विचारलं होतं, हिचा हात खराब आहे का, म्हणून हिच्या प्लेटमध्ये ती पेशी दिसत नाही? मी 'हो' म्हणाले. आणि जाताना तू माझ्याच गळ्यात पडून रडलीस. उद्या दहाला मी बाईंना सगळं सांगणार आहे, त्या पेशीवरचा माझा पेपर मागे घ्यायचं पत्रही तयार आहे. पण बाईंच्याही आधी तुला लिहायचं होतं. तुझ्या हाताला काही म्हणजे काही झालं नव्हतं गं.

तुझीच,
जोडगोळीतली दुसरी