तलवार न उचलता

३ मार्च

चि. खारूताईस, पलंगावरून हलू न शकणाऱ्या मामाचे बसल्या जागेवरून भरघोस आशीर्वाद.

खुब्याचं हाड जुळेपर्यंत खोलीबाहेर पाऊल नाही, म्हणून तुझ्या कचेरीने बनवलेला प्राचीन रोमचा व्हिडिओ गेम लावून बसलो. गुणदोष कळवा म्हणालीस. तीस वर्षं संस्कृतच्या उत्तरपत्रिका तपासलेला हात, आवरणार कसा?

आधी गुण. गाड्यांच्या चाकांनी दगडी रस्त्यात पडलेल्या खोबणी, स्नानगृहातली वाफ, ओल्या भिंतीवरचं ऊन, सगळ्याला पैकीच्या पैकी. आता दोष. या नगरीत म्हातारं कोणी नाही, खोकणारं कोणी नाही, आणि जो भेटेल त्याला मारायचं. मी आरंभीच तलवार उचलली नाही. पंचावन्नाव्या वर्षी नवी व्यसनं नकोत.

परिणाम असा, की पावाच्या भट्टीत शिरलो आणि मागे दार लागलं. किल्ली मुकादमाच्या कमरेला. त्याला मारल्याशिवाय मिळत नाही. चार दिवस झाले, तिथेच आहे. सोबतीला एक दासी, पुरुषभर उंचीचं जातं ढकलत प्रदक्षिणा घालते. दर सातव्या पावलाला डावा खांदा चोळते, अगदी तुझ्यासारखी. मी इकडेही कोंडलेला, तिकडेही. डॉक्टर निदान तारीख तरी सांगतात.

तुझी आई म्हणते, तू फोनवर धड बोलत नाहीस. लोभ आहेच, पत्राने वाढतो का बघ.

तुझा लंगडा मामा


९ मार्च

ती. मामांस शि. सा. नमस्कार, तोही खुर्चीतूनच.

तुमचा दोष साहेबांपुढे मांडला. भट्टीतून बाहेर पडायला दुसरी वाट ठेवू या म्हटलं. ते हसले, म्हणाले, तलवार न घेता खेळणारा जगात एखादाच असेल. मी म्हटलं, तो माझा मामा आहे.

ती दासी म्हणजे मीच. तिची चाल संगणकात टिपायला मला अंगभर खुणांचे पट्टे बांधून दिवसभर एका खांबाभोवती फिरवलं होतं. खांदा तेव्हापासूनच धरलाय.

साहेबांना न विचारता एक बदल केला आहे. सोबत खेळाची बदललेली प्रत पाठवली आहे, ती लावा, बाईच्या शेजारी उभे राहा आणि जात्याला हात लावा. शंभर फेऱ्या. कंटाळू नका.

मामा, वीस तारखेला आणखी तीन वर्षांच्या करारावर सही करायची आहे. आई म्हणते, डोळे मिटून कर. इथल्या खिडक्या उघडत नाहीत, वारासुद्धा यंत्रातून येतो. सही केली की पुढचा खेळ, पुढचं शहर, हीच खुर्ची. काय करू? उपदेश नको, तो मला पाठ आहे.

तुमची खारूताई


१४ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद, आणि उपदेश शून्य. फक्त वृत्तांत.

शंभर फेऱ्या झाल्या. पिठाची पोती न्यायचं मागचं दार उघडलं. बाहेर ऊन, खोबणींचा तो रस्ता. उंबऱ्यावर थांबून मागे पाहिलं, तर ती येईना. दार सताड उघडं आणि बाई आपली गोल गोल, सातव्या पावलाला खांदा. पुष्कळ वेळ वाट पाहिली. मग परत आत जाऊन बसलो. तिला टाकून जायचं म्हणजे तलवार उचलण्यासारखंच झालं.

दोषांच्या यादीत हा शेवटचा लिही: दार उघडलं तरी तिला बाहेर पडता येत नाही, कारण तिला दुसरं चालणंच दिलेलं नाही.

तुझ्या आईशी बोललो. मी तुला बिघडवतो म्हणाली. मी कबूल केलं.

मामा


२१ मार्च

ती. मामांस शि. सा. नमस्कार, या वेळी उभ्याने.

काल पुन्हा पट्टे बांधून घेतले. खांबाभोवती नाही; सरळ, भिंतीपासून दारापर्यंत. अकरा पावलं. साहेबांनी विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, बाई बाहेर चालली आहे.

सोबतचा खेळ लावा आणि उंबऱ्यावर थांबा. चौथ्या पावलाला ती अडखळेल. ते मुद्दाम केलेलं नाही, मीच अडखळले होते.

कराराचा कागद सही न करता परत दिला. आईला तुम्हीच सांगा. तुम्हाला पळता येत नाही, तेव्हा सगळं ऐकून घ्याल.

लोभ आहे तिथेच असू द्या. उत्तर मात्र कचेरीच्या पत्त्यावर धाडू नका.

तुमची खारूताई