लाइन आली तेव्हा

आमगाव,
२९ मे २००७

प्रिय उर्वशी,

तुला आणि बाळाला भरभरून आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग, त्यांच्या आईंनाही. बाळाची मालिश तू स्वतः करते की बाई लावली? उन्हाळ्याचं मूल आहे, तेल कमी लाव, घामोळ्या उठतात.

इकडे ऊन असं आहे की सकाळचा चहा झाला की अंगणात पाय ठेववत नाही. दुपारी नळ उघडला तर हात भाजतो. उन्हाळी धान निघाला. गोवर्धनमामाने गावराणी आंबे पाठवले, पण यंदा गरम वाऱ्याची लू अशी चालली की अर्धे झाडावरच पिवळे पडले, चवच नाही त्यांना. कच्चे निवडून मी पन्हं करून ठेवलं आहे.

लाइन दिवसातून दोनदा जाते, त्यातली एक वेळ ऐन दुपारची. एप्रिलचं बिल आलं तेव्हा तुझे बाबूजी ते पालथं करून मागची बाजूही वाचत बसले. जणू खरा आकडा तिकडे असेल. मग घरात नियम झाला, कूलर फक्त जेवणानंतर, ऊन कलेपर्यंत. बाकी वेळ पंखा आणि खिडकीला ओली चादर. तू एसी पाठवते म्हणाली तेव्हा ते का चिडले ते तुला माहीत आहे. त्यांना वाटतं एसी एकदा लावला की माणूस त्याच्याशिवाय जगू शकत नाही, आणि पेन्शन त्याच्याच पोटात जाते.

मागच्या फोनवर तू विचारलं, बाबूजी बोलायला का येत नाहीत. मी म्हटलं, राइस मिलमध्ये जुन्या लोकांना भेटायला गेले. त्याच्या आधी म्हटलं होतं, झोपले आहेत. दोन्ही वेळा ते फोनच्या टेबलाजवळच खुर्चीवर बसून होते. त्यांच्यासमोर मला बोलता येत नाही, म्हणून हे पत्र लिहून राहिली. आधी एवढं वाच, की ते बरे आहेत. जेवतात, फिरतात. उजव्या हाताची जखम सुकत आली आहे. हे नीट वाचून घे, मग पुढचं वाच.

आपला टिनाचा कूलर तुला आठवतो. तू बारावीत असताना गोंदियाच्या बाजारातून आणलेला. खालून गंजला होता. बाबूजी दरवर्षी त्याच्या बुडाला डांबर फासायचे आणि म्हणायचे, अजून एक उन्हाळा निघतो. यंदा खुशाल मिस्त्री नवीन पंप बसवायला आला तेव्हा म्हणाला होता की घराला अर्थिंगच नाही, टिनाच्या कूलरला हे बरं नाही, एवढं करून घ्या. बाबूजी म्हणाले, सीझन संपू दे.

त्या दिवशी दुपारी लाइन गेली होती. लाइन नाही तोवर पाणी भरून घेऊ म्हणून ते बादली घेऊन मधल्या खोलीत गेले. कूलरचं बटण चालूच राहिलं होतं. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. लाइन आली. पंखा फिरायला लागल्याचं ऐकलं, फ्रिज गुरगुरला, आणि त्यात एक आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. गळ्यातच अडकलेला, जनावराचा असतो तसा आवाज. मला आधी वाटलं पंपात काही अडकलं.

मी गेली. बाबूजी कूलरला धरून उभे होते. धरून नव्हे, कूलरनेच त्यांना धरलं होतं. बादली कलंडलेली, फरशीवर पाणी. त्यांचं सगळं अंग थरथरत होतं, दात घट्ट बसलेले, आणि डोळे उघडे. माझ्याकडे बघत होते.

मी त्यांच्याकडे धावली. पाण्यात पाय पडला तशा तळव्यांना मुंग्या आल्या, गुडघ्यापर्यंत. मी मागे झाली. आणि मग पळाली. त्यांना वळसा घालून, भिंतीच्या कोरड्या कडेने, बाहेरच्या दाराकडे. छपरीत मेन स्विच आहे ना, दाराच्या चौकटीला लागून, त्याचा खटका खाली ओढला.

परत आली तर ते जमिनीवर पडले होते. तळहाताची कातडी टिनाला लागून राहिली होती. मी कोणाला हाक मारली, कोणी जीप आणली, मला काही आठवत नाही. इथल्या डॉक्टरांनी गोंदियाला पाठवलं. तिथे ठेवून घेतलं, छातीची ईसीजीची पट्टी काढली, हृदय शाबूत आहे म्हणाले. तुझं सिझेरियन होऊन आठवडाही झाला नव्हता. सगळ्यांनी ठरवलं तुला सांगायचं नाही, आणि मी ऐकलं.

पण मी लपवत होती ते एवढंच नाही.

दवाखान्यात ते कोणाशीच बोलले नाहीत. गोवर्धनमामा भेटायला आला. मी पलंगाच्या पायथ्याशी मोसंबी सोलत बसली होती. मामाने विचारलं, कसं झालं भाऊजी. तेव्हा ते पहिल्यांदा बोलले.

"मी चिकटून होतो. इनं माह्याकडं पाह्यलं, अन् बाहेर पराली."

मामाला वाटलं त्यांना पूर्ण माहीत नाही. त्याने समजावलं की हिनेच मेन स्विच पाडला, म्हणून तुम्ही वाचलात.

"थे मंग," ते म्हणाले. "आधी पराली."

मी मोसंबी सोलत राहिली. बिया काढल्या, फोडी ताटलीत लावल्या. मामा माझ्याकडे बघत होता आणि मला मान वर करता येत नव्हती. या माणसाबरोबर मी एवढी वर्षं राहिली, उर्वशी. तुला वाढवलं, घर बांधलं. आणि त्या माणसाला शेवटचं म्हणून जे दिसलं, ती माझी पाठ होती.

घरी आलो तेव्हा ही गोष्ट आमच्याआधी मोहल्ल्यात पोचली होती. बघायला आलेल्या बाया त्यांच्या हाताची चौकशी करायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. एकीने तर सरळ विचारलं, तुम्ही त्यांना ओढलं काऊन नाही?

कूलर आम्ही मागच्या अंगणात टाकून दिला. बाबूजी पंख्याखाली पडून असायचे, घामाने गादी भिजायची, पण पाणी मागायचे नाहीत. डाव्या हाताने धडपडत स्वतः उठून माठाकडे जायचे. मी गडवा भरून जवळ ठेवला तर तो तसाच राहायचा. भांडण नाही, शिवी नाही. संध्याकाळी छपरीत खाट टाकली की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मी जागी असायची. डोळे मिटले की पायाला मुंग्या यायच्या. अजूनही येतात. ओल्या फरशीवर पाय ठेवायच्या आधी मी थांबते.

आता दुसरं सांगते. मन घट्ट कर.

आपल्या मागच्या गल्लीतले भैय्यालाल टेलर आणि त्यांची बायको दुर्पता गेले. दोघंही. त्यांची रुचि लहानपणी तुझ्याकडे गणित शिकायला यायची, तीच. भैय्यालालने या सीझनपुरता कुठूनसा भाड्याने कूलर आणला होता. तसंच झालं. लाइन नव्हती तेव्हा ते पाणी भरायला गेले, आणि लाइन आली. रुचि कोहमाऱ्याला मावशीकडे गेली होती. ब्लाउज न्यायला आलेल्या एका बाईने दार लोटलं. दुर्पताचे दोन्ही हात भैय्यालालच्या कमरेभोवती होते. ते हात सोडवावे लागले. याच्यापुढे मला लिहवत नाही.

रुचिला आणलं तेव्हा ती रडली नाही. दारात उभी राहून म्हणाली, मला आत जाऊ द्या, मशीनवर आईचं काम अर्धं राहिलं असेल.

बाबूजी पट्टी बांधलेल्या हाताने मातीला गेले. मी बायांमध्ये बसली होती. तिथे जी ती म्हणत होती, दुर्पताने शेवटपर्यंत सोडलं नाही. खरंच आहे ते. पण प्रत्येक वेळी कोणी हे म्हटलं की गप्पा थांबायच्या, आणि ते थांबणं माझ्यासाठी होतं. मला वाटलं, आता तेही घाटावर हेच ऐकत असतील. घरी येतील तेव्हा माझ्याकडे बघणारही नाहीत.

ते आले, आंघोळ केली, जेवायला नको म्हणाले. खुर्चीवर बसले. मग म्हणाले,

"मेन स्विच कुठी आहे?"

मला समजेना. या घरात फ्यूज उडाला तरी मीच बघते, मीटर वाचायला माणूस आला तरी मीच. त्यांनी तिकडे कधी पाहिलंच नव्हतं. मी छपरीकडे बोट दाखवलं. ते मधल्या खोलीत गेले. कूलर होता त्या जागी उभे राहिले. तिथून भिंतीच्या कडेने चालत बाहेरच्या दारापर्यंत आले, सावकाश, मधे एकदा मागे वळून बघत. स्विचसमोर त्यांनी आधी उजवा हात उचलला, मग डाव्याने खटका पाडला. घरातले पंखे थांबले.

"तिनं धरलं," ते म्हणाले. "पोरगी एकटी राह्यली."

मग ते माझ्याकडे वळले.

"तुले काही झालं त मलेबी इथवरच पळा लागन."

त्यांनी खटका वर केला, आत आले आणि जेवायला वाढ म्हणाले. मी वाढलं. त्यांना अजून उजव्या हाताने घास घेता येत नाही, तर मला म्हणाले, भात कालवून दे. मी कालवून दिला.

दुसऱ्या दिवशी खुशालला बोलावून अर्थिंग करून घेतलं. त्याने अंगणात खड्डा खणला, कोळसा आणि मीठ टाकलं, आणि बाबूजी डोक्याला दुपट्टा बांधून उन्हात त्याच्याजवळ उभे होते. काल सहज म्हणाले, पोरीला विचार एसीचं बिल किती येतं. तू लगेच पाठवायची घाई करू नको. आधी त्यांच्याशी बोल. आता फोन केला की ते घेतील.

इथे पत्र संपवायला हवं होतं. पण तुझ्याशिवाय हे मी कोणाला सांगू.

मी पाण्यातून मागे झाली तेव्हा माझ्या डोक्यात मेन स्विच नव्हता. काहीच नव्हतं. फक्त पाय होते. मी दारापर्यंत पोचली, उंबऱ्यावर आली, बाहेरचं ऊन डोळ्यांवर आलं, तेव्हा बाजूला तो स्विच दिसला. दिसला म्हणून हात गेला. दिसला नसता तर मी अंगणात गेली असती का, रस्त्यावर गेली असती का, परत फिरली असती का, मला माहीत नाही. किती वेळा ती धाव मी मनात धावली, आणि दर वेळी उंबऱ्यापर्यंतच कळतं.

आता लोक म्हणतात बाई हुशार म्हणून नवरा वाचला. बाबूजीही आलेल्या-गेलेल्याला हेच सांगतात. मी मान हलवते. त्यांना मी खरं सांगणार नाही. त्यांनी पहिल्यांदा जे पाहिलं होतं ते चूक नव्हतं, एवढं कोणाला तरी माहीत असावं म्हणून तुला लिहिलं.

याचं उत्तर पाठवू नको. फोनवर विचारू नको. तुझ्या घरात असं कधी झालं तर हात लावू नको, आधी बटण पाड, मग मनात काय होतं ते देवावर सोड. मी तेच केलं आहे.

जमलं तर रुचिला दोन ओळी लिही.

तुझी माय,
चमेली